साडूच्या नावाची वाट

नकाशावर माझ्या साडूचं नाव आलं, म्हणून मी सांगलीला गेलो. दुसरं काही काम नव्हतं. घरातून निघताना डोळे तपासायला चाललोय असं सगळ्यांना सांगितलं होतं, पण आता लिहायलाच बसलोय तर खरं ते लिहितो.

मी तुकाराम, माण तालुक्यातला. चौथी पास. लिहिताना शाळेतलं लिहितो, बोलताना घरचं बोलतो. आमचं घराणं मेंढरांचं. आता डाळिंब आहे, थोडी ज्वारी आहे, दावणीला चार शेरडं आहेत. साडू म्हणजे भिवा. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, आटपाडीकडचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो शाळेत गेलेलाच नाही, सही म्हणजे अंगठा. पण सासुरवाडीला जत्रा असो की लग्न, पहिलं ताट त्याच्या पुढ्यात येतं, कारण तो थोरला जावई. त्याच्या बोअरला पाणी माझ्या आधी लागलं. त्याचं घर माझ्या आधी स्लॅबचं झालं. हे सगळं मी गिळलं. पण वाट माझी होती. सासऱ्याच्या ओट्यावर बसून पन्नास वर्षं मी सांगत आलोय, की लहानपणी बापाच्या मागनं तीनशे मेंढरं हाकत मी माणातून कोकणापर्यंत कसा चालत गेलो. पोरंबाळं गोळा होतात. भिवाही बसलेला असतो, तंबाखू मळत. बोलत काही नाही.

आणि एका सकाळी बायकोनं फोन ठेवला आणि म्हणाली, "आक्काचा फोन व्हता. दाजींचं नाव सांगलीच्या कॉलेजात काचंत लावलंय. मेंढरांच्या वाटंचा नकाशा केलाय म्हणं कुणीतरी."

मी म्हणालो, "भिवाचं?"

"मग काय तुमचं? तुमचं रेशनकार्डावर हाय की."

सांगली

कॉलेजचा हॉल मोठा. भिंतीवर काचेत नकाशा, आमच्या घराच्या दाराएवढा. डोंगर तपकिरी, नदी निळी, आणि आटपाडी-माणापासून निघून घाटाकडे जाणारी एक लाल रेघ. खाली छापलेलं: मेंढरांची जुनी वाट. माहिती: भिवा, वय ७८. मी ते तीनदा वाचलं. कुणी बघत नाही असं पाहून काचेवरून बोटानं रेघ धरून चाललो. आणि औंधाच्या पुढं माझं बोट थांबलं. तिथपासून कृष्णेपर्यंत रेघ तुटक होती. मोजली, चार बोटं भरली.

तेवढ्यात एक बाई आल्या. चाळिशीच्या, खांद्याला पिशवी, पायात बूट. मृणाल मॅडम. हा नकाशा त्यांनीच केलेला. त्या भूगोल शिकवतात, पण त्यांचा भूगोल आमच्या शाळेतल्यासारखा नाही. पूर्वी माणसं, गुरं, माल कुठून कुठं जायचे, गावं कुठं वसली आणि का उठली, ते त्या शोधतात.

"ही वाट चुकीची हाय," मी म्हणालो.

त्यांना राग आला नाही. खुर्ची दिली, पेला तीनदा विसळून पाणी दिलं. विसळलेलं पाणी सरळ मोरीत. आमच्याकडे तेवढ्यात एका कोकराची तहान भागते.

"कुठे चुकली, काका?" त्यांनी विचारलं.

"औंधाच्या पुढं. तुमी डोंगराच्या धारंनं नेलीया. आमी रहिमतपुरातनं जायचो. बाजाराच्या गल्लीतनं."

"भिवाआबा तर म्हणतात, गावात पाऊलसुद्धा टाकायचो नाही."

तो आबा आणि मी काका. हेही मी गिळलं. "भिवा म्हणतोय व्हय. बरं. आणि ही तुटक रेघ कशापायी?"

त्यांनी समजावलं ते मला नीट कळलं. त्यांच्या विद्येत आधी राजे आणि फौजाच होत्या. कुठल्या वाटेनं तोफा गेल्या ते कागदात सापडतं. मेंढरं कुठून गेली ते कुणी लिहून ठेवलं नाही. म्हणून आता हे लोक जमाबंदीचे जुने नकाशे काढतात, आकाशातून घेतलेले फोटो बघतात, झऱ्याविहिरी हुडकतात, आणि म्हाताऱ्या माणसांना विचारतात. कागद, जमीन आणि माणूस तिन्ही जुळले तर उत्तम. जिथं कागद गप्प असतो तिथं निदान दोन माणसांचं जुळावं लागतं. एकट्यानं सांगितलं तर तुटक, दुसऱ्यानं साक्ष दिली की सलग.

म्हणजे भिवाचं तेवढं कुणी मानलेलं नव्हतं. चार बोटांच्या त्या तुटक रेघेनं माझ्या जिवाला थंडावा मिळाला.

"चला दाखवतो," मी म्हणालो. "आणि माझं खरं निघालं तर?"

"तर तेवढी वाट तुमच्या नावाने काढू."

येताना बायकोसाठी भडंगाचा पुडा घेतला. ती म्हणाली, "डोळं काय म्हणत्यात?" मी म्हणालो, चांगलं दिसतंय.

औंध

ठरल्या दिवशी औंधला उतरलो, तर मॅडमची गाडी उभी आणि पुढच्या सीटवर भिवा. नवा पटका, दाढी घोटलेली. त्यालाही बोलावलंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"या पावणं," तो खिडकीतून म्हणाला. "बसा मागं. मला मागं बसलं की मळमळतंय."

"आयुष्यभर एस्टीत मागंच बसलास की रं."

"म्हणून तर मळमळतंय."

आधी यमाईच्या डोंगराशी गेलो. मी मॅडमना सांगितलं, आमचा तळ इथं पडायचा, आणि सकाळी आई मला घेऊन पायऱ्या चढायची, देवीला तेल घालायची. कितव्या वळणावर मी पाय दुखतात म्हणून बसकण मारायचो तेसुद्धा दाखवलं. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग भिवाला विचारलं.

"आमी कवा चढलोच न्हाई," भिवा म्हणाला. "मेंढरं कुणावर सोडायची? त्या तिकडनं, माळावरनंच हात जोडायचो."

मी लगेच म्हणालो, "बघा मॅडम. देवीच्या पाया पडला न्हाई, आणि वाट सांगतोय."

भिवा हसला आणि तंबाखूची चंची सोडली. तेव्हा मला वाटलं, हरला गडी.

दुपारी एका लिंबाखाली भाकऱ्या सोडल्या. माझ्या बायकोनं बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा दिला होता. आक्कानं भिवाबरोबर भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि बाटलीत हुलग्याचं माडगं दिलेलं. मॅडमनी माझा ठेचा बोटानं चाटला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग जेवण होईतो त्या वांग्यांवरच होत्या. माडग्याचीही कृती लिहून घेतली. वाटेच्या वहीत माडगं कशाला लिहायचं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, तळावर काय शिजायचं त्यावरून मुक्काम किती दिवसांचा ते समजतं. भिवा म्हणाला, "आमच्या हिनं सांगितलंय, लागलं तर आणिक देते."

उसातून

औंधाच्या पुढं मी गाडी सोडायला लावली. वाट चालून दाखवायची तर चालूनच. मॅडमच्या हातातल्या मोबाइलवर आम्ही कुठं आहोत त्याचा निळा ठिपका सरकत होता. आमच्या मुलखात माणूस दोन कोसांवरून दिसतो. इकडं उसाचा मुलूख लागला की दहा पावलांवरचं दिसत नाही. जिथं आमच्या वेळेला हरभरा काढलेली मोकळी रानं असायची, आणि शेतकरी हाका मारून मेंढरं बसवून घ्यायचा, लेंडीखताच्या बदल्यात धान्य द्यायचा, तिथं आता सगळीकडे ऊस. बिनपावसाचा हिरवागार. आमच्या डाळिंबाला टँकरनं पाणी घालताना मी काय काय बोलतो ते आठवलं. डोळ्यांत सलतो असला हिरवा रंग.

"वाट हितनंच हाय," मी म्हणालो आणि उसात शिरलो.

"पुढं पाट हाय," भिवा मागून म्हणाला.

"आमच्या येळंला पाट नव्हता."

पाट होता. एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला, पायताण आतच राहिलं, हाताला उसाचं पातं कापलं. बाहेर आलो तर बांधावर भिवा आणि मॅडम उभे, आणि त्यांच्यासमोर एक उंचापुरा गृहस्थ, मिशा पांढऱ्या, बनियनवर मिल्टरीची जुनी टोपी. शेत त्यांचं. फौजेतून सुभेदार होऊन आलेले.

"ठहरो," ते मला म्हणाले. "तुमी तिघं कुठल्या खात्याचं? मोबाइल धरून माझ्या उसातनं सर्वे चाललाय. हायवे काढताय का?"

मॅडम म्हणाल्या, "नाही हो, जुनी वाट शोधतोय. मेंढरांची."

"जुनी वाट सापडली की सरकार म्हणणार, वाट होतीच, सोडा जमीन. मला समजत न्हाई व्हय?"

माझा एक पाय उघडा. मग भिवा पुढं झाला. "सायेब, तुमच्या वडलांच्या रानात आमची मेंढरं बसायची. त्या वरल्या टुकड्यात, विहिरीच्या अंगाला. दगडाची पायविहीर हाय न्हवं?"

सुभेदारांनी टोपी मागं सारली. "हाय," ते म्हणाले. "बुजवलीया. तुमाला कसं ठावं?"

"वडलांस्नी एक डोळा अधू व्हता. आमाला ज्वारी घालताना माप वरपत्तोर भरायचं."

मग काय. घरी नेलं, चुलीवरचा चहा, त्यात साखर एवढी की चमचा उभा राहावा. सुभेदारांनी मला त्यांच्या जुन्या फौजी चपला दिल्या, दोन नंबर मोठ्या. त्यांनी भिवाचा हात हातात घेऊन वडलांच्या गोष्टी ऐकल्या. मी फटफट वाजणाऱ्या चपलांत बसून होतो. ती विहीर मी कधी बघितलीच नव्हती. का बघितली नव्हती, हा विचार तेव्हा मनात आला, पण मी त्याला आत येऊ दिलं नाही.

रहिमतपूर

इथं मात्र मी पुढं आणि बाकीचे मागं. गाव बदललंय, फलक आलेत, मोटारसायकली आल्यात, पण गल्ली तशीच वळते. मी दाखवत गेलो. "ही कासाराची पायरी. आई हितं बांगड्या भरायची, मला मांडीवर घिऊन." पायरी आहे, तिच्यावर आता मोबाइलचं दुकान. "हितं दळण टाकायचो. हितं एक म्हातारी ताक द्यायची. आणि हितं हौद, दगडाचा, एका अंगाला टवका गेलेला."

हौद दिसेना. मी गॅरेजवाल्याला म्हणालो, ते टायर काढा. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे बघितलं आणि काढले. खाली हौद. काठ दगडाचा, उजव्या अंगाला टवका उडालेला. सहासात वर्षांचा असताना मी त्या टवक्यात हनुवटी ठेवून पाणी बघायचो.

मॅडमनी फोटो काढले, टेप लावून हौद मोजला, जुन्या नकाशाची घडी उघडून खूण केली. त्यांचा चेहरा उजळला होता. भिवाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो हौदाकडे पाहुण्यासारखा बघत होता. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या पुढं होतो.

समोरच्या हॉटेलात बसलो. मॅडमनी वही काढली.

"काका, एक सांगा. गल्ली एवढी अरुंद. तीनशे मेंढरं इथून जाताना पुढं कोण असायचं? आणि ताकवाल्या म्हातारीच्या दारात ती थांबवायची कशी?"

मी तोंड उघडलं. आईची पाठ दिसली. आमची घोडी चंद्री दिसली, तिच्यावर वाकळा, रात्री मेंढरं कोंडायची वाघरीची जाळी, कोंबड्यांची डालगी, डालग्यांच्या मधोमध मी. पुढच्या घोडीवर चुलतीचं बिऱ्हाड. बायका, पोरं, घोडी. मेंढरू एकही दिसेना. होतं ते एकच, पायानं अधू कोकरू, माझ्या मांडीवर. आणि दिवस कलल्यावर तळावर पाल ठोकून झालं की डोंगराच्या धारेवर धुळीचा लोट दिसायचा, आणि आई म्हणायची, आला बघ तुझा बा.

मी आठ वर्षांचा असताना बाप गेला. आईनं मेंढरं विकली. मेंढरांमागनं त्या वाटेला मी एक दिवससुद्धा चाललो नाही. ओट्यावर सांगता सांगता ती तीनशे मेंढरं कधी त्या गल्लीत शिरली, मला खरंच सांगता येत नाही.

मॅडमची पेन्सिल वर. आणि भिवा बोलला.

"जायाची की हितनं. मी शेपटाला असायचो, ध्यानातनं गेलं व्हतं. तुका म्हणतोय ते खरं."

मॅडम म्हणाल्या, "नक्की, आबा? मग दोघांचं जुळलं. ही रेघ सलग होते, काकांच्या नावाने. तुमची तुटक पुसावी लागेल."

"पुसा."

मी भिवाकडे बघितलं. तो बशीत चहा ओतत होता. तेव्हा मला कळलं, की याला सगळं ठाऊक आहे. आमच्याच वाड्याबरोबर, म्हणजे मेंढक्यांच्या तांड्याबरोबर, तो दोन हंगाम चालला होता, अकरा-बारा वर्षांचा, मेंढरांमागं. सकाळी घोडी इकडं वळायची आणि मेंढरं तिकडं, आणि मी घोडीवर असायचो, हे त्यानं डोळ्यांनी बघितलेलं. पन्नास वर्षं ओट्यावर तंबाखू मळत त्यानं माझी तीनशे मेंढरं ऐकली आणि एकदाही हसला नाही. आणि आता स्वतःची वाट पुसून मला देत होता, चहाचा घोट घेता घेता.

पाहिजे होतं ते सगळं माझ्या पुढ्यात होतं. नाव, काच, सलग रेघ. पण ते त्यानं वाढलेलं. पहिलं ताट त्याचं असतं तेवढं मी सोसलं. त्याच्या ताटातलं उचलून खायचं माझ्यानं झालं नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे, हे लिहून ठेवतो. जळफळाटानं.

"खोडा ते, मॅडम," मी म्हणालो.

"गप रं, तुका," भिवा म्हणाला.

"तूच गप. मॅडम, ह्यो खोटं बोलतोय. ह्या गल्लीत मेंढरं आली न्हाईत. मेंढरं धारंनंच जायाची, ह्यो म्हणतोय तशी. सांजच्याला माझा बा धारंवरनंच उतरायचा, मी डोळ्यांनी बघितलंय. हितनं घोडी यायची. घोडी आन् बायका. मी घोडीवर असायचो."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता हसतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे बिऱ्हाड एका वाटेने आणि कळप दुसऱ्या?"

"मग वो. बायकांस्नी दळण पायजे, मीठमिरची पायजे. मेंढरांस्नी गावात काय काम?"

"काका, इतक्या म्हाताऱ्यांना विचारलं, हे कुणीच सांगितलं नाही."

"तुमी इचारलं व्हय?" भिवा म्हणाला. "तुमी मेंढरांची वाट इचारली. आमी मेंढरांची सांगितली." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आन् मॅडम, ह्यो घोडीवर नुसता बसायचा न्हाई. रडायचा. चंद्री उतारावर आली की ह्येचा आवाज आमाला धारंवर ऐकू यायचा."

"ते लिहू नका," मी म्हणालो.

"लिव्हा," भिवा म्हणाला. "साक्ष हाय ती माझी."

त्या दोघांच्या हसण्यात मी सामील झालो नाही. सुभेदारांची चप्पल पायातून निघाली होती, ती टेबलाखाली शोधत बसलो.

घरी

बायकोला सगळं सांगितलं, रडण्याचं सोडून. ते तिला आक्काकडून आधीच कळलं होतं.

ती म्हणाली, "त्या हौदाच्या पुढं आणिक एक आड व्हता. बायका धुणं धुवायच्या. माझ्या आईबरोबर मी गेलीया की."

"मग आजपत्तोर बोलली न्हाईस ती?"

"तुमी बोलाय द्याल तवा."

आता मॅडम पुढच्या महिन्यात आमच्याकडे यायच्या आहेत. मला भेटायला नव्हे. हिला आणि आक्काला विचारायला. ही आतापासून नवं लुगडं काढून ठेवतेय. मी तिला विचारलं, आड डाव्या अंगाला का उजव्या? ती म्हणाली, मॅडमना सांगीन.

पुन्हा सांगली

मागच्या आठवड्यात नवा नकाशा लागला तसा मी जाऊन आलो. या खेपेला डोळ्यांचं नाव सांगितलं नाही. औंधापासून कृष्णेपर्यंत आता दोन रेघा आहेत, दोन्ही सलग. लाल रेघ भिवाची. ती सलग झाली ती माझ्या साक्षीनं. मी बोललो नसतो तर ती तुटकच राहिली असती किंवा पुसली गेली असती, हे कुणी विसरू नये. दुसरी निळी. खाली लिहिलंय: घोड्यांची आणि बायकांची वाट. वाट चालणारी: गंगूबाई. माहिती: तुकाराम, वय ७४. आईचं नाव वर घाला असं मीच सांगितलं होतं. लगाम तिच्या हातात होता.

हॉल रिकामा होता. मी काचेवर बोटं ठेवली. भिवाची वाट चार बोटं, पहिल्यासारखीच. धारेनं सरळ जाते. माझी रहिमतपुरात शिरते, कासाराशी थांबते, हौदाला वळसा घालते, मग नदीला लागते. ती भरली सहा बोटं. पुन्हा मोजली. सहाच.

हे अजून भिवाला सांगितलेलं नाही. त्याला वाचता येत नाही. कुणाकडून तरी हे वाचून घेईल. म्हणून लिहिलं.